चुरमुरे खाणारे शेजारी

आमच्या कोळीवाड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी पूर्वी छाती काढून सांगत असे. आता जरा चाचरत सांगतो, कारण त्याच तोऱ्यात मी एकदा एका मुक्या जिवाचे कल्ले आणि दुसऱ्याचे बोट घालवून बसलो. त्याचा दोष वाटून द्यायला पुष्कळ माणसे होती, आणि त्यांच्याबद्दल मी इथे चांगले काही लिहीन असे वाटत नाही. पण सुरुवात माझ्यापासूनच करायला हवी.

मुंबईला आम्हांला प्राण्यांचे शास्त्र शिकवणारे प्रोफेसर गोरे होते. त्यांनी विलायतेहून अंडी मागवून दोन विचित्र प्राणी वाढवले होते. मूळ मेक्सिको देशाच्या तळ्यातले, नाव अ‍ॅक्सोलॉटल. वीतभर लांब, पालीसारखे चार पाय, चपटी शेपटी, रुंद तोंड. एक काळा, एक पांढरा. आणि मानेच्या दोन्ही बाजूंना कल्ले, तेही आत नाहीत तर बाहेर, झालरीसारखे लोंबणारे. पांढऱ्याची झालर तांबडीलाल होती. तो पाण्यात नुसता पडून राहायचा आणि झालर तेवढी हलायची.

या प्राण्याची एक गोष्ट त्या काळी शास्त्रज्ञांत गाजत होती. जन्मभर पाण्यात राहणारा हा जीव क्वचित कधीतरी कल्ले गाळतो, जमिनीवर चढतो आणि आपल्यासारखा हवेत श्वास घेऊ लागतो. का, ते कोणाला नीट ठाऊक नव्हते. आपल्या हवेत तसे घडते का, हे प्रोफेसरांना पाहायचे होते. नाताळच्या सुट्टीत त्यांना तीन आठवड्यांसाठी मद्रास इलाख्यात जावे लागले, तेव्हा त्यांनी मला बोलावले.

"तू पाण्यातल्या लोकांचा मुलगा आहेस," ते म्हणाले. "थंड पाणी, रोज ताजे. गांडुळे. दोघांना असेच ठेव. आणि कल्ल्यांची रोज नोंद. एखादा जरी आखडला तर मला ती तारीख हवी आहे."

हे नीट पार पडले तर पुढच्या वर्षी त्यांच्या खोलीत, सूक्ष्मदर्शक यंत्रापाशी, मदतनीस म्हणून मला जागा मिळणार होती. ती जागा मला किती हवी होती हे लिहून दाखवता येत नाही. यांच्या पाण्यात दुसरे काही सोडले तर चालेल का, असे विचारावेसे मला तेव्हा वाटलेही होते. पण वर्गात मी कधी प्रश्न विचारत नसे. इंग्रजी चुकेल याची भीती. तो प्रश्न तोंडातच राहिला.

मडक्यात पाणी घालून, वर ओले फडके बांधून मी त्यांना आगगाडीने ठाण्याला आणले. आई दारात जवळा निवडत होती. तिने फडके वर केले.

"ही कुठली रं पाल?"

"पाल नाही गं, आये. मेक्सिको म्हणून देश आहे, तिकडचा प्राणी आहे."

ती वाकून बराच वेळ बघत राहिली. "याचे कल्ले भायेर हायेत?"

"हो."

"मग एकटा ठेव. भायेर लोंबतंय ते कोनपन खानार."

आई बाजारात जिवंत मासळी न्यायची. चिखलातले निवटे मासे एका मडक्यात, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे वेगळ्या टोपलीत, त्यांच्या नांग्या सुंभाने बांधून. दोन जातींची मासळी तिने एका भांड्यात ठेवलेली मी जन्मात पाहिली नव्हती. ती काय म्हणते ते मला समजले होते. पण मी म्हणालो, "हा शास्त्राचा विषय आहे, आये." ती पुन्हा जवळा निवडू लागली.

आमच्या घरात सुकटीचा वास, जमीन शेणाने सारवलेली. शास्त्राला अशा घरात कसे ठेवायचे, असे मला वाटले. तेव्हा दुसऱ्या दिवशी मी मडके उचलले आणि टेंभी नाक्याजवळ रावसाहेबांकडे गेलो.

रावसाहेब म्हणजे कलेक्टर कचेरीतले पेन्शनर. कॉलेजात जाताना मला त्यांनी शिफारशीचे पत्र दिले होते, आणि तेव्हापासून कोणी भेटला की ते मला "आमचा कोळ्याचा मुलगा" म्हणून पुढे करत. जणू मला त्यांनीच शिकवले. त्यांच्या दिवाणखान्यात फरसबंदी होती, उन्हाळ्यातही गार. शिवाय मुंबईहून आणलेली एक लोखंडी चौकटीची काचेची पेटी होती, तिच्यात तेव्हा मेणाची फळे मांडलेली असत. फळे काढून पाणी भरले. संध्याकाळी रावसाहेबांची नेहमीची मंडळी जमली. त्यांत पुढारी म्हणजे कल्याणचे एक शाळामास्तर. ते शाळा सुटली की गाडीने ठाण्याला येत आणि रावसाहेब हसले की हसत.

"काय रे, एवढंच?" रावसाहेब म्हणाले. "हे नुसतं बसतं?"

"हो, साहेब."

"हलत नाही?"

"भूक लागली की हलतं."

"म्हणजे आमच्या मास्तरांसारखंच."

सगळ्यांत मोठ्याने मास्तर हसले.

मग रावसाहेबांनी पेटीभोवती एक फेरी मारली आणि चेहरा गंभीर केला. "पण मला हे पाणी बरं वाटत नाही. पाण्यात दुसरा जीव नसला की पाणी मरतं. आमच्या विहिरीत वडिलांच्या वेळेपासून कासव आहे. म्हणून तर पाणी गोड. काय मास्तर?"

"अमृत आहे, रावसाहेब."

विहिरीत कासव सोडायची चाल आमच्याकडे घरोघर आहे, आणि त्यात वावगे काही नाही. विहीर मोठी असते. कासवाला कोणाच्या अंगावर जावे लागत नाही. पण इथे पाणी होते दीड हात लांबीच्या पेटीत. हे मला तेव्हाही दिसत होते.

"प्रोफेसरांनी सांगितलंय, दोघांना असेच ठेव," मी म्हणालो.

"असेच म्हणजे कसेच?" मास्तरांनी विचारले. "दुसरं कोणी नको, असं म्हणाले का ते?"

"नाही… तसं नाही म्हणाले."

"मग?"

एखाद्याला गप्प करायला विद्वत्ता लागत नाही, एवढे मास्तरांना पक्के ठाऊक होते. शाळेत त्यांचे सगळे काम त्यावरच चालत असावे.

आठ-दहा दिवस रोज हेच बोलणे चालले, आणि मग एके दिवशी मासुंद्याच्या तळ्यातले बारीक मासे आणून सोडले. दहा-बारा होते. दुसऱ्या सकाळी एक होता, आणि तोही पांढऱ्याच्या तोंडातून शेपटीपुरता बाहेर. रावसाहेब ओलेत्याने पूजेला निघाले होते. त्यांनी ते पाहिले आणि मागे सरले.

"माझ्या दिवाणखान्यात! शिव शिव! अरे, पाहुणे सोडले आपण त्याच्याकडे आणि हा गिळतो त्यांना?"

आतापावेतो ते प्राणी काय खातात हे त्यांनी विचारले नव्हते, आणि मी सांगितले नव्हते. गांडुळे मी मागच्या परसातून फडक्यात लपवून आणत असे आणि माणसे जेवायला गेली की पेटीत टाकत असे. सोवळ्याच्या घरात तेवढीच वाट होती.

आता खरे म्हणजे प्रकरण मिटायला हवे होते. पण विद्वान माणसे एका चुकीवर थांबत नाहीत. संध्याकाळी बैठक बसली आणि या प्राण्यांना शेजारी कोणते द्यावेत याचा दोन घटका विचार झाला. मी दाराशी उभा राहून ऐकला. असा मूर्ख विचार मी त्यानंतर फक्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत वाचला आहे.

"मासे मोठे हवेत, म्हणजे गिळता येणार नाहीत," रावसाहेब म्हणाले. हे एक वाक्य ठीक होते. मग पुढचे आले. "आणि शाकाहारी हवेत. मांस खाणारा प्राणी शेजाऱ्याला त्रास देणारच. शाकाहारी असला म्हणजे स्वभाव थंड."

"वा!" मास्तर म्हणाले. "पण ओळखायचे कसे?"

"चुरमुरे टाका. चुरमुरे खाईल तो शाकाहारी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माशांची पोटे फाडली आहेत. ज्याचा लचका तोडता येईल ते न खाणारा मासा आमच्या खाडीत तरी कोणी पाहिलेला नाही. चुरमुऱ्यावर जो सगळ्यांत आधी झेप घेतो, तो दिसेल त्या प्रत्येक गोष्टीला तोंड लावून बघणारा मासा असतो. चुरमुरे ही त्यातली एक. हे मी तिथे मोठ्याने बोलायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कल्याणच्या तळ्याच्या पायरीवर चुरमुऱ्यांची परात घेऊन माशांची परीक्षा घेतली. गणितात मुलांना नापास करणारा हा माणूस, माशांना मात्र उदारपणे पास करत होता. सहा मासे उत्तीर्ण झाले, चार-चार बोटे लांब, चपळ. कळशीत घालून ते गाडीने आले. बरोबर एक शिंगाडा मासाही होता, मिशावाला. तो पाहून माझ्याने राहवले नाही.

"हा नको, साहेब. याच्या पाठीवर काटा असतो. पालीनं गिळायला बघितलं तर घशात उभा राहील."

"कोळ्याचा मुलगा आणि काट्याला भितो!" मास्तर म्हणाले, आणि बैठक हसली. पण शिंगाडा परत गेला. तीन आठवड्यांत माझे ऐकले गेले ते एवढे एकच.

मग विहिरीतले कासव आणायचे ठरले. मोठे आले नाही, त्याचे बशीएवढे पिल्लू पोहऱ्यात सापडले. रावसाहेबांनी स्वतः त्याच्यापुढे वरणभात ठेवला. ते खाऊ लागले.

"पाहा! वरणसुद्धा!" रावसाहेबांचे डोळे खरोखर भरून आले होते. "पूर्वजन्मीचा कोणी आहे."

तो पूर्वजन्मीचा कोणी मग पेटीत गेला.

दोन दिवस काही झाले नाही. लोक येऊन पेटी पाहून जात. रावसाहेब सांगत, हे चौघे… मग मोजत आणि म्हणत, हे नऊ जीव कसे गुण्यागोविंदाने राहतात पाहा, माणसांनी यांच्याकडून शिकावे. मी नोंदवहीत लिहीत होतो: कल्ले पूर्ववत. मासे आणि कासव यांच्याबद्दल मी वहीत एक अक्षरही लिहिले नाही. का लिहिले नाही ते मला ठाऊक होते. प्रोफेसर वाचतील, म्हणून.

चौथ्या सकाळी पांढरा कोपऱ्यात तोंड खुपसून बसला होता. त्याच्या डाव्या बाजूची झालर चावून टाकलेल्या दातवणासारखी झाली होती. उजव्या बाजूचा एक कल्ला अर्धा. काळ्याच्या मागच्या पायाचे एक बोट नव्हते. माझ्या डोळ्यांदेखत एक मासा सरसर आला, झालरीच्या टोकाला तोंड लावले, आणि गेला. दगडाखाली कासव डोळे मिटून बसले होते.

मी हात घालून कासव बाहेर काढले, तेवढ्यात रावसाहेब आले. मला वाटले आता रागावतील. ते पेटीशी वाकले आणि एकदम ओरडले.

"अरे! कल्ले गळाले!"

"गळाले नाहीत, साहेब. बहुतेक…"

"बहुतेक? शास्त्रात बहुतेक नसतं. तूच सांगितलंस ना, कल्ले गाळून हे जमिनीवर चढतात? चढणार! माझ्या दिवाणखान्यात चढणार!"

संध्याकाळपर्यंत रावसाहेबांनी प्रोफेसरांना, परतताना ठाण्याला उतरा, अशी तार केली, आणि मास्तरांनी वर्तमानपत्रासाठी इंग्रजीत मजकूर तयार केला. त्यात ठाण्याच्या हवेची स्तुती होती, रावसाहेबांच्या विहिरीची होती, आणि अगदी शेवटी "एका होतकरू कोळी विद्यार्थ्याच्या साहाय्याने" असे होते. तो कागद माझ्या हातात दिला. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. मला लाज वाटते, पण खरे सांगायचे तर ती ओळ मला आवडली.

"तू काही बोलायचं नाहीस," रावसाहेब म्हणाले. "तुझे प्रोफेसरसाहेब विचारतील, तू मान डोलव. तारीख सांग. उद्या तुझंच भलं होईल." आणि जाता जाता म्हणाले, "ते मासे काढ आणि त्या कासवाबरोबर टाक हौदात. पाहुणे येणार, उगाच गर्दी नको."

तेव्हा मला कळले की त्यांना सगळे कळले आहे. मूर्ख माणसाची मला कीव येते. पण ज्याला खरे काय ते दिसते आणि जो हसत हसत ते हौदात टाकायला सांगतो, त्याची नाही.

मी मासे आणि कासव हौदात टाकले. दोन दिवस मान डोलवायचा सराव केला. मग रविवारी प्रोफेसर येणार, त्याच्या आदल्या दुपारी घरी गेलो. आई अंगणात सुकवलेले बोंबील उलटत होती. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "पाल बरी हाय का?"

"कल्ले गेले तिचे," मी म्हणालो. "गळून पडले असतील, असं म्हणतात."

"कोन म्हनतं?"

मी एक बोंबील उलटला.

"कड कशी हाय?"

"म्हणजे?"

"अरं, गेला त्या जागंची कड. आपनून गलला तर बूड साफ रवतं. चावलं आसंल तर चिंध्या. मना सांग, कड कशी हाय?"

मी बोटे फाकवून चावलेल्या दातवणासारखी कड दाखवली.

ती परत बोंबील उलटू लागली. "मंग काय विचारतंस? पाल काय बोलनार नाय सायबाला. तूच बोलनार."

रविवारी दिवाणखान्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. पेटीला झेंडूची माळ. प्रोफेसर स्टेशनवरून आले, गळ्यात हार पडला, रावसाहेबांचे भाषण झाले. मास्तर कागद घेऊन तयार बसले होते. पण प्रोफेसरांचे लक्ष पेटीकडे होते. ते गुडघ्यावर बसले आणि खिशातून भिंग काढले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात कधी पाहिला नव्हता. त्यांनी मान वळवून मला विचारले,

"आखडायला सुरुवात कोणत्या तारखेला झाली?"

माझी मान हलायला तयार होती. रावसाहेब माझ्याकडे बघत होते. भिंग प्रोफेसरांच्या हातात होते, आणि मला एवढेच दिसत होते की हा माणूस मी सांगीन ते वहीत लिहिणार आहे.

"आखडले नाहीत, सर," मी म्हणालो. इंग्रजी चुकले असेल. "खाल्ले. माशांनी. आणि कासवाने. आम्ही पेटीत सोडले होते."

"मुलगा घाबरलाय," मास्तर पटकन म्हणाले.

"मी घाबरलेलोच होतो," मी म्हणालो. "म्हणून वहीत लिहिलं नाही."

प्रोफेसर उठले. गळ्यातला हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला. "शेजारी कोणी निवडले?"

"निवडले यांनी. नको असं मी म्हणालो नाही."

प्रोफेसर हसले, पण ते हसणे बरे नव्हते. "याचे कल्ले परत उगवतात. बोटही. महिना-दीड महिन्यात. तू 'गळाले' म्हणाला असतास तर मी ते लिहून विलायतेला पाठवलं असतं. आणि पत्र तिकडे पोहोचायच्या सुमारास इथे कल्ले परत आले असते."

"परत येतात?" रावसाहेबांनी विचारले. तीन आठवड्यांत त्यांनी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न.

मास्तरांनी हातातला कागद घडी करून कोटाच्या आत सरकवला. त्यांना पाचची कल्याणची गाडी आठवली.

प्रोफेसरांनी मला मडके आणून दोघांना त्यात घालायला सांगितले, आणि आम्ही निघालो. वाटेत मी, यांच्यासोबत मग काय ठेवता येईल, असे अखेर विचारले. "त्यांच्याच आकाराचा त्यांचाच भाऊबंद," ते म्हणाले, "आणि तोही पोट भरलेला. नाहीतर कोणी नाही." मग त्यांनी विचारले, "हे चावलेले आहेत, हे तुला कसं कळलं? चावताना पाहिलंस?"

"एक मासा पाहिला. पण कडेवरून आईने सांगितलं. न बघता."

स्टेशनला जायच्या ऐवजी ते खाडीच्या बाजूला वळले. आमच्या दारात ते उभे राहिले. आईने डोक्यावरून पदर घेतला आणि मला कानात विचारले, "बसायला काय देऊ?" ते बसले नाहीत. त्यांनी मडके तिच्यापुढे ठेवले आणि मला सांगितले, कॉलेज उघडेपर्यंत हे इथेच राहतील, तुझ्याकडे नाही, तुझ्या आईकडे. नोंद मात्र तू करायची. सूक्ष्मदर्शकाजवळच्या जागेबद्दल मी विचारले नाही, आणि तेही बोलले नाहीत.

रावसाहेबांनी पुढे गावात सांगितले की साहेबाची पाल त्यांच्या घरचे सात्त्विक पाणी सोसू शकली नाही, अखेर कोळीवाड्यातच गेली. पेटीत परत मेणाची फळे मांडली गेली. मी दिसलो की ते रस्त्याच्या पलीकडल्या दुकानांच्या पाट्या वाचू लागत.

आईने पहिल्याच दिवशी दोघांना दोन मडक्यांत केले. मी म्हणालो, भाऊबंद एकत्र चालतात, साहेब म्हणाले. ती म्हणाली, जखम हाय तोवर भाऊ पन नको. मडकी तिने पाण्याच्या रांजणामागे वाळूत पुरली, सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची. गांडुळे ती स्वतः खणून आणी.

कॉलेज उघडायला चार दिवस राहिले होते. तिने मला हाक मारली. पांढऱ्याच्या डाव्या बाजूला, चिंध्या होत्या तिथे, तांदळाच्या कणीएवढे लाल लाल कोंब आले होते. मी वही घेऊन आलो आणि तारीख घातली.

"ल्हिलंस?" आईने विचारले.

"लिहिलं."

"मासं सोडलं हुतं ते पन ल्हिलंस?"

मी मागची पाने उलटली. पहिल्या दिवसापासून लिहायला बसलो, तेव्हा तिने मडक्यावर फडके टाकले.